ट्रकचं चलान कोणी भरायचं? मालक आणि ड्रायव्हर दोघांसाठी, टप्प्याटप्प्याने

महिन्याचा हिशोब होतो, ड्रायव्हर पगार मोजतो आणि चार हजार कमी भरतात. विचारलं तर उत्तर मिळतं, "चलान आलं होतं." कशाचं, कुठलं, कोणत्या तारखेचं, यातलं काहीच त्याला सांगितलं जात नाही. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात वह्या लिहिताना मी स्वतः असे आकडे मांडले आहेत. एकदा एका ड्रायव्हरच्या नावावर मी वेगमर्यादेचं चलान टाकलं. तो म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मी गावी होतो, भावाच्या तेरवीला." वही उलटून पाहिली तर खरंच, त्या चार दिवसांत गाडीवर बदली ड्रायव्हर होता. पैसे परत दिले. पण तेरवीचा पुरावा देण्याची वेळ मी त्याच्यावर आणली, हे आजही मला बोचतं.

चूक होते ती क्रमाची. आधी कापलं जातं आणि चलान नंतर उघडलं जातं, तेही ड्रायव्हर भांडला तर. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: चलान येण्याआधीची तयारी

ताबा वही ठेवा. ई-चलान गाडीच्या नंबरवर निघतं, माणसाच्या नावावर नाही. कॅमेऱ्याला एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ दिसतं. स्टिअरिंगवर कोण होतं ते दिसत नाही. म्हणून गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या हातात गेली आणि कधी परत आली, हे लिहून ठेवायलाच हवं. साधी शंभर पानी वही पुरते. रकाने पाच: तारीख, वेळ, किलोमीटर, ड्रायव्हरची सही, गाडी देणाऱ्याची सही. ड्रायव्हरने प्रत्येक वेळी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वही ऑफिसात राहते, नोकरी सुटली की ती पुन्हा बघायला मिळत नाही.

गाडी ताब्यात घेताना टेललाइट, इंडिकेटर, मागची रिफ्लेक्टर पट्टी, दोन्ही नंबरप्लेट आणि टायर यांचा एक छोटा व्हिडिओ काढा. दोन मिनिटं लागतात. पुढे "लाइट तुझ्याच हातून फुटला" हा वाद तो व्हिडिओच मिटवतो.

आरसीवरचा मोबाइल नंबर बघा. चलानाचा मेसेज आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो. जुनी गाडी घेतली असेल तर तो नंबर आधीच्या मालकाचा किंवा एजंटचा असू शकतो. मग सहा-सात महिन्यांची चलानं एकदम उघडतात आणि तोवर दोन ड्रायव्हर बदललेले असतात. नंबर परिवहनच्या पोर्टलवर बदलता येतो. हे काम मालकाचं आहे.

करार चार ओळींचा असला तरी लेखी करा. कोणता दंड कोणाकडे, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरवा आणि दोघांनी सही करा. "सर्व चलान ड्रायव्हर भरेल" अशी सरसकट ओळ लिहू नका, आणि ड्रायव्हरने अशा कागदावर सही करू नये. का, ते पाचव्या टप्प्यात येईल.

तपासा: विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर उघडतात का? तिथले कागद पोलिसांना चालतात. ड्रायव्हरच्या फोनवर हे सगळं दिसत असेल तरच गाडी गेटबाहेर काढा.

## टप्पा २: चलान आलं की आधी उघडून बघा

महाराष्ट्राच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. कॅमेऱ्याचं चलान असेल तर फोटोही असतो. मालक आणि ड्रायव्हर दोघांनी तो एकत्र बघावा. बघताना हा क्रम ठेवा:

१. फोटोतला नंबर आपलाच आहे का? चिखलाने माखलेल्या प्लेटवर ३ चा ८ वाचला जातो.
२. बॉडी, रंग, चाकांची संख्या जुळते का?
३. तारीख आणि वेळ ताबा वहीशी ताडा.
४. ठिकाण फास्टॅगच्या नोंदीशी ताडा.

चौथी पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तीच सगळ्यात जास्त कामी येते. समजा चलान समृद्धी महामार्गावरचं आहे, आणि त्याच वेळेच्या आसपास तुमच्या फास्टॅगमधून वर्धा रोडवरच्या बोरखेडी नाक्याचे पैसे कटले आहेत. एक गाडी दोन ठिकाणी नसते. फास्टॅगचं ते पान आणि जीपीएसचा नकाशा, दोन्ही जपून ठेवा; आक्षेपाला लागतील.

सावधान: "तुमचं चलान बाकी आहे" असं सांगून व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल (दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी) किंवा लिंक आली तर दाबू नका. अशा फाइलने फोन ताब्यात घेऊन खातं रिकामं करतात. चलान नेहमी स्वतः संकेतस्थळावर जाऊन शोधा.

सावधान: रस्त्यात रोख दिलेले आणि पावती नसलेले पैसे म्हणजे चलान नव्हे. त्याला नंबर नसतो, त्यामुळे तो खर्च कोणाच्याच नावावर चलान म्हणून लिहू नका. जागेवर दंड भरला तर मशीनमधून निघालेली पावती किंवा मोबाइलवरचा मेसेज घेतल्याशिवाय पुढे निघू नका.

## टप्पा ३: दोष कोणाच्या हातातला होता?

इथे खरा न्यायनिवाडा आहे. मी एकच प्रश्न विचारतो: ही चूक टाळणं कोणाच्या हातात होतं?

मालकाकडचे दंड. गाडीचे कागद आणि गाडीची तब्येत मालकाकडे. विमा नसताना गाडी चालली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० रुपये. ते कलम गाडी चालवणाऱ्याइतकंच चालवू देणाऱ्यालाही लागू होतं. परमिटचा भंग असेल तर कलम १९२-अ खाली १०,०००. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली तर कलम १८० खाली थेट मालकावर ५,०००. फिटनेस, पीयूसी, गुळगुळीत टायर, आधीपासून बंद असलेले लाइट हेही मालकाचंच. फास्टॅगमध्ये पैसे नसल्याने लागलेला जादा टोल हा दंड नसला तरी तोही मालकाचाच.

ड्रायव्हरकडचे दंड. कानाला मोबाइल, सिग्नल तोडणं, उलट दिशेने गाडी घालणं, सीटबेल्ट न लावणं (१,००० रुपये), दारू पिऊन चालवणं (पहिल्या वेळी १०,०००, आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही). रस्त्यात स्वतःच्या कमाईसाठी भरलेला माल किंवा बसवलेले प्रवासी यांचा दंडही त्याचाच. इथे मालकाने दया दाखवून पैसे भरू नयेत असं माझं मत आहे. दारूचं चलान मालकाने एकदा भरलं की दुसऱ्यांदा ते चलानावर थांबेलच असं नाही.

ओव्हरलोड. सगळ्यात मोठी रक्कम इथे आणि सगळ्यात मोठा अन्यायही इथेच. कलम १९४ खाली २०,००० रुपये, वर जादा प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. उदाहरण घ्या. दहा चाकी गाडी, आरसीवर एकूण वजन २८.५ टन. उमरेडकडून कोळसा भरला आणि काट्यावर निघाले ३२.५. जादा ४ टन. दंड २०,००० अधिक ८,०००, म्हणजे २८,०००. हा कोणाच्या पगाराएवढा आकडा आहे ते वेगळं सांगायला नको.

माल किती भरायचा हे ड्रायव्हर ठरवत नाही. भाडं टनावर मिळतं ते मालकाला. कायद्यालाही हे ठाऊक आहे: कलम ११३ च्या उपकलम ४ नुसार, जादा वजनाची गाडी चालवणारा स्वतः मालक नसेल तर हे मालकाला माहीत असताना किंवा त्याच्या हुकुमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून ओव्हरलोडचा दंड मालकाकडे, हाच मूळ नियम ठेवा.

ड्रायव्हरने मात्र एक काम न चुकता करायचं. काटा पर्ची हातात आली की तिथेच, गाडी हलवण्याआधी, पर्चीचा फोटो मालकाला पाठवायचा आणि खाली लिहायचं: "मालक, पासिंगपेक्षा ४ टन जास्त आहे. काय करू?" उत्तर फोनवर आलं तर पुन्हा लिहायचं: "तुम्ही फोनवर निघायला सांगितलं म्हणून निघतो." एक ड्रायव्हर भाऊ ऑफिसात येऊन नुसतं एवढंच म्हणाला होता, "गाडी चालवली मी, भरली नाही मी." त्याच्याकडे पर्ची नव्हती. तो खरं बोलत होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी त्याला स्वतःचं म्हणणं सिद्ध करता आलं नाही.

सावधान: वजनकाट्यावर गाडी थांबवायला किंवा वजन करायला ड्रायव्हरने नकार दिला तर दंड ४०,००० रुपये, आणि तो ड्रायव्हरवर. मालक फोनवर "पळव" म्हणाला तरी पळवू नका.

सावधान: मालकाने पैसे भरले तरी परवाना ड्रायव्हरचाच अडकतो. ओव्हरलोड, अतिवेग, मोबाइल, दारू, सिग्नल यांत परवाना निलंबित होऊ शकतो, आणि तीन महिने परवाना नाही म्हणजे तीन महिने चूल थंड. ओव्हरलोडला "मालक भरतोय ना" म्हणून हो म्हणण्याआधी याचा विचार करा.

मधले दंड: वेग, नो एन्ट्री, पार्किंग, वाटेत बंद पडलेला लाइट. यांना सरसकट उत्तर नाही. मेसेज आणि वेळा बघाव्या लागतात.

वेगाचं घ्या. अवजड गाडीला कलम १८३ खाली २,००० ते ४,००० दंड आहे, आणि हाताखालच्या माणसाला तसं चालवायला लावणाराही त्या कलमात येतो. समृद्धीवर नागपूर ते मुंबईजवळचं आमणे हे अंतर ७०१ किलोमीटर. मालवाहू गाडीची मर्यादा ताशी ८०. एकदाही न थांबता गेलं तरी पावणेनऊ तास लागतात. आता मालकाचा मेसेज असेल, "नऊ तासांत गाडी लागलीच पाहिजे," तर जेवण, लघवी, डोळा मिटणं हे सगळं त्या पंधरा मिनिटांत बसवायचं, नाहीतर वेग वाढवायचा. असं चलान मालकाचं. तेच मालकाने चौदा तास दिले होते आणि ड्रायव्हर पाच तास ढाब्यावर झोपून नंतर पळवत सुटला, तर ते त्याचं.

नो एन्ट्रीतही तसंच. नागपुरात कळमना मार्केटला किंवा लकडगंजला माल लवकर हवा म्हणून व्यापाऱ्याने बोलावलं आणि ऑफिसाने "जा" म्हटलं, तर दंड ऑफिसाचा. ऑफिसाने रात्रीपर्यंत पारडीला थांबायला सांगूनही गाडी शहरात घातली, तर ड्रायव्हरचा. पार्टीच्या, म्हणजे माल ज्याचा त्या व्यापाऱ्याच्या, गेटसमोर जागाच नाही म्हणून गाडी रस्त्यावर उभी करावी लागली, तर गाडीचा फोटो आणि पार्टीला केलेल्या फोनची वेळ जपून ठेवा; मालकाने तो दंड पार्टीकडे मागावा. लाइट वाटेत गेला आणि ड्रायव्हरने लगेच कळवलं, तर मालकाचा. कळवलंच नाही, तर दोघांनी बसून ठरवावं.

"अर्धं-अर्धं करून टाका" हा आपल्याकडचा आवडता तोडगा. दोघांचा हात असेल तिथेच तो वापरा. ओव्हरलोडला अर्धं-अर्धं केलं तर मालकाला जादा भाडं पूर्ण मिळतं आणि दंड मात्र निम्म्यातच सुटतो.

अटॅच गाड्यांमध्ये, म्हणजे मालकाने दुसऱ्याच्या कामाला लावलेल्या गाड्यांमध्ये, तिसरा माणूस येतो, ट्रान्सपोर्टर. माल त्याने भरायला लावला असेल तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, वजन काय लिहिलं आहे ते आधी बघा. बिल्टीवर २० टन आणि काट्यावर २४ असेल, तर ती बिल्टी आणि काटा पर्ची एकत्र पिन करून ठेवा आणि भाड्याच्या हिशोबाआधी समोर ठेवा.

## टप्पा ४: आक्षेप घ्यायचा की भरायचं?

दुसऱ्या टप्प्यात काही चुकीचं सापडलं असेल तर आधी पैसे भरू नका. भरलं म्हणजे मान्य केलं, मग आक्षेपाला जोर राहत नाही.

१. ई-चलान संकेतस्थळावरच तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चलान नंबर, आपल्या गाडीचा स्पष्ट फोटो, फास्टॅग किंवा जीपीएसची नोंद जोडा.
२. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. उत्तर आलं नाही तर त्याच कागदांसह वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात जा.
३. तिथेही सुटलं नाही तर न्यायालयात म्हणणं मांडता येतं. लोकअदालतीतही चलानाची प्रकरणं घेतात. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ सांगतो. नोटीस कधी मिळाली ती तारीखही आक्षेपात लिहा.

पोलिसांनी ड्रायव्हर कोण होता असं विचारलं तर मालकाला नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती द्यावीच लागते. कलम १३३ तसं सांगतं. खोटं नाव देऊ नका, आणि गाडीवर नसलेल्या माणसाचं तर मुळीच नाही. परवाना जप्त झाला तर त्याची पोच मागून घ्या.

तपासा: आक्षेपाचं उत्तर येईपर्यंत त्या चलानाचा एकही रुपया कोणाच्या हिशोबात लिहिला नाही ना?

## टप्पा ५: पगारातून कापण्याआधी थांबा

इथे मालक मंडळी सर्वात जास्त चुकतात. दंड ड्रायव्हरच्या चुकीचा ठरला म्हणून तो पगारातून कापता येतोच असं नाही.

वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पगारातून काय कापता येतं याची यादी तिच्या कलम १८ मध्ये आहे. त्या यादीत वाहतुकीचं चलान अशी वेगळी बाब नाही. मालकाला स्वतः दंड करायचा असेल तर कलम १९ च्या अटी आहेत: कोणत्या चुकीला दंड, याची यादी आधी मंजूर करून कामाच्या जागी लावलेली हवी, ड्रायव्हरला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी, आणि दंड त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको. २०,००० पगाराला तीन टक्के म्हणजे ६००. तोही हप्त्याहप्त्याने किंवा ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाता येत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. जे चलान निर्विवाद ड्रायव्हरचं आहे, ते ड्रायव्हरने स्वतःच्या पैशातून थेट ऑनलाइन भरावं आणि पावती दोघांकडे राहावी. मालकाने पगार पूर्ण द्यावा. पैसा तोच, पण पगारपत्रक स्वच्छ राहतं आणि रक्कम खरोखर सरकारकडे गेली हे दोघांनाही दिसतं. पगारातून कापलेली रक्कम कधी भरलीच गेली नाही आणि गाडी विकताना तेच चलान पुन्हा वर आलं, असंही मी पाहिलंय.

सावधान: "उचल" म्हणून लिहिलेलं चलान. दिलेली उचल पगारातून कापता येते, म्हणून काही ठिकाणी मालक चलान भरतो आणि ती रक्कम वहीत ड्रायव्हरच्या नावावर उचल म्हणून टाकतो. ड्रायव्हर भाऊ, हातात रोख आलेली नसेल तर उचलीच्या रकान्यात सही करू नका. सही करण्याआधी ओळ वाचा. वाचता येत नसेल तर पानाचा फोटो घरी मुलांना पाठवा, वाचून घ्या आणि मगच पेन उचला.

सावधान: "पुढे चलान आलं तर" म्हणून पहिला पगार डिपॉझिट म्हणून अडवणं चुकीचं आहे. नोकरी सोडली किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असतो. आणि मिळायच्या पगारावरचा हक्क सोडून देणारा कागद सही असली तरी त्यापुरता रद्द ठरतो. पहिल्या टप्प्यात सरसकट ओळीला नाही म्हणा असं सांगितलं ते यासाठी.

## टप्पा ६: तरीही कापलं तर

१. आधी मालकाला लेखी विचारा. व्हॉट्सॲप चालेल. "अमुक महिन्याच्या पगारातून अमुक रुपये कमी दिले. चलान नंबर आणि पावती दाखवा." भांडणाची भाषा नको, हाच मेसेज पुढे पुरावा होणार आहे.
२. सात-आठ दिवस वाट बघा. उत्तर आलं तर चलान दुसऱ्या टप्प्याप्रमाणे दोघांनी तपासा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वाद इथेच मिटतात, कारण मालकानेही ते चलान उघडून पाहिलेलं नसतं.
३. मिटलं नाही तर नागपुरातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. स्वतः करा किंवा संघटनेमार्फत. पगारातून गैर कपात केली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.
४. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना ती मिळते. फोन नंबर १५१००.

अर्जासोबत न्यायचं: पगार जमा झाल्याचं बँकेचं पान, ताबा वहीचे फोटो, काटा पर्ची, बिल्टी, मालकाशी झालेले मेसेज, चलानाची छापील प्रत. मेसेज फोनमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. फोन ट्रकच्या डॅशबोर्डवरून पडतो, चोरीला जातो, ढाब्यावर चार्जिंगला राहतो. सदरमध्ये किंवा वाडीला, जिथे झेरॉक्सचं दुकान दिसेल तिथे छापून घ्या आणि त्या प्रती गाडीत नाही, घरी ठेवा.